नजरगहाण

आमच्या कागदांत एक शब्द आहे, नजरगहाण.
म्हणजे गाडी तुमच्याकडेच राहते. चालवा, दमवा,
टायर झिजवा, बंपरला लिंबू-मिरची बांधा.
आमची फक्त नजर असते तिच्यावर.

बावीस वर्षं हा शब्द मी मसुद्यांत लिहितेय
शिवाजीनगर कोर्टामागच्या दोन खणी ऑफिसात,
खाली झेरॉक्सवाला, डोक्यावर गळका एसी.
शब्दाकडे नजर टाकायला सवड झाली नाही.

मग मार्च अखेर. पतसंस्थेचा फोन.
मॅडम, गव्हाणे रोडलाइन्सची गाडी उचलली.
बरं झालं की.
भरलेली उचललीय, मॅडम.
भरलेली म्हणजे?
बेंच आहेत. शाळेचे. एकशे चाळीस.

मोशीच्या यार्डात पोचले तेव्हा दुपार तापली होती.
पत्र्यांच्या ओळीत ती उभी, एम एच चौदा,
ताडपत्रीच्या दोऱ्या अजून भोसरीच्या गाठीत.
कलम अकरा: कसूर झाल्यास वाहन ताब्यात.
कलमात हौदा आहे, स्टेपनी आहे,
जॅक, टॉमी, ताडपत्री, सगळं आहे.
हौद्यात काही असू शकतं
हे लिहायचं राहिलेलं.
मसुदा माझाच.

हेमराज गव्हाणे म्हणाला,
बेंचवाल्यानं भाडं दिलं नाही,
तोवर माल अडवायचा हक्क माझा. वकिलाला विचारलंय.
चाकणचा बेंचवाला फोनवर ओरडत होता,
जूनच्या आत अक्कलकुव्याला पोचले नाहीत तर दंड मला.
वसुलीवाला शिंत्रे म्हणाला, गाडी हलणार नाही.
जामीनदार उद्धव लांडे काहीच बोलला नाही,
त्याचा चिंचवडचा फ्लॅट सहीखाली होता
आणि सही मेव्हण्याच्या साखरपुड्यात केलेली,
पेढा हातात असताना.

गाडीच्या पोटात माल, मालाच्या पोटात भाडं,
भाड्याच्या पोटात हप्ता,
हप्त्याच्या पोटात पुन्हा तीच गाडी.

पंचनामा लिहायला टेबल नव्हतं.
शिंत्रेच म्हणाला, एक बेंच उतरवू.
उतरवला. सातवीच्या मापाचा.
मी, गव्हाणे आणि लांडे
एका ओळीत बसलो, गुडघे फळीला टेकवून,
आणि शिंत्रे समोर उभा, वही घेऊन,
हजेरी घेतल्यासारखा.
लांडे हसला. त्या दिवसातलं ते एकच हसणं.

तेवढ्यात केबिनमधून एक माणूस उतरला.
बशीर तांबोळी. ड्रायव्हर.
दोन रात्री आतच झोपलेला,
यार्डवाल्यांनी त्याला गाडीचाच भाग धरलं असावं.
म्हणाला, बाई, गाडी यांची, माल त्यांचा, कर्ज तुमचं,
स्टोव्ह माझा आहे. तेवढा मिळेल का?
मी करार उघडला. खरंच उघडला.
पहिल्या पानापासून परिशिष्टापर्यंत
ड्रायव्हर हा शब्द एकदाच होता,
आणि तोही अपघाताच्या कलमात.

संध्याकाळी तोडगा निघाला. भाडं संस्थेकडे जमा,
गव्हाण्याचे दोन हप्ते त्यातून वळते,
माल दुसऱ्या गाडीनं रवाना,
लांडेचा फ्लॅट सहा महिने निर्धास्त.
सगळ्यांनी सह्या केल्या. पेढे नव्हते.
बशीरनं स्टोव्ह घेतला, घोंगडी घेतली,
आरशाला अडकवलेला कंगवा विसरला
आणि परत येऊन तोही घेऊन गेला.
सहीसाठी त्याला कुणी बोलावलं नाही.

आठवड्यानं अक्कलकुव्याहून पोच आली.
बेंच एकशे एकोणचाळीस.

तो एक यार्डातच आहे.
रखवालदार त्यावर डबा खातो.
संस्था म्हणते आमचा नाही, गव्हाणे म्हणतो भाड्यात धरा,
चाकणवाला नोटीस पाठवेन म्हणतो.
त्याच्यावर बोजा कुणाचा, अजून ठरलेलं नाही.

नव्या मसुद्यात कलम अकरा मी दुरुस्त केलं:
"वाहन, व त्यातील माल वगळून."
पुढे आणखी तीन शब्द लिहिले होते,
"व त्यातील माणूस".
संस्थेनं लाल शाईत विचारलं,
हे कशासाठी?

उत्तर अजून पाठवलेलं नाही.
कागद टेबलावर आहे.
आता नजर आहे माझी त्यावर.